मेल दिवसातून तीनदाच बघावा का, आणि उत्तराची वाट किती पाहावी?

टिपणवही :
प्रस्ताव साधा आहे. मेल दिवसातून तीन वेळा उघडायचा: सकाळी १०, दुपारी दीड, संध्याकाळी साडेचार. मधल्या वेळात नोटिफिकेशन बंद. पाठवणाऱ्याने एवढीच अपेक्षा ठेवावी: कामकाजाच्या एका दिवसात पोच आणि तीन दिवसांत उत्तर, किंवा उत्तर कधी मिळेल ती तारीख. याहून घाई असेल तर फोन उचलावा.

याला आधार आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या कुशलेव आणि डन यांनी १२४ जणांना एक आठवडा मेल दिवसातून तीनदाच बघायला सांगितलं आणि एक आठवडा हवा तितक्या वेळा. तीनदावाल्या आठवड्यात ताण कमी निघाला. अभ्यास २०१५ सालचा आहे.

'साहेबांचा मेल राहून गेला तर?' त्याचीही सोय होते. कॉम्प्युटरवर जीमेल उघडून पाच-सात मोजक्या पत्त्यांसाठी फिल्टर करा (फोनच्या ॲपमधून फिल्टर होत नाही) आणि त्यांना 'तातडी' असं लेबल लावा. मग अँड्रॉइडच्या ॲपमध्ये सेटिंग्ज, आपलं खातं, मॅनेज लेबल्स. तिथे 'प्रायमरी'चं नोटिफिकेशन काढून टाका. 'तातडी'ला आधी ३० दिवसांचं सिंक द्या, तेव्हाच नोटिफिकेशनची खूण करता येते. ही सिंकची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग फोन वाजला नाही म्हणून ॲपच्या नावाने खडे फोडतात.

ताळेबंद :
सपशेल असहमत. तुमचं वेळापत्रक तुमच्यापुरतं. कायद्याचं घड्याळ तुमच्या साडेचारची वाट बघत नाही.

जीएसटी नोंदणीच्या अर्जावर अधिकाऱ्याने शंका काढली (फॉर्म आरईजी-०३) की उत्तराला कामकाजाचे ७ दिवस. उत्तर गेलं नाही तर अर्ज फेटाळता येतो, मग पुन्हा पहिल्यापासून. जीएसटी कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे नोंदणीच्या वेळी दिलेल्या मेलवर नोटीस पाठवली तरी ती बजावली गेली असं धरतात. आयकरात १९६१ च्या कायद्यातल्या कलम १४३(१)(ए) खाली विभागाने तुमच्या विवरणपत्रात फेरफार सुचवला तर हरकत घ्यायला ३० दिवस.

आणि बँक. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक बघा. खात्यातून परस्पर पैसे गेले आणि चूक ना बँकेची ना तुमची, तर बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर शून्य बोजा. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलंत तर खात्याच्या प्रकारानुसार काही हजार तुमच्या खिशातून. त्यानंतर बँकेचं जे धोरण असेल ते.

टिपणवही :
यातलं एकही काम तीनदा बघितल्याने हुकत नाही. कामकाजाच्या सात दिवसांत इनबॉक्स एकवीस वेळा उघडला जातो. उलट दिवसभर नजर टाकणारा माणूस नोटीस फोनवर अर्धी वाचतो, 'घरी जाऊन बघू' म्हणतो, आणि वाचलेली म्हणून ती यादीत खाली जाते.

ताळेबंद :
इनबॉक्स उघडला जातो, पण कुठला? लहान धंद्यांत जीएसटीच्या नोंदीवर सल्लागाराचा मेल पत्ता असतो. सल्लागार बदलतो, पत्ता तसाच राहतो. पोर्टलवर नोंदणीच्या नॉन-कोअर (किरकोळ तपशिलांच्या) दुरुस्तीत अधिकृत स्वाक्षरीकर्त्याच्या तपशिलात जाऊन तो बदलावा लागतो. आयकराच्या पोर्टलवर प्रोफाइलमध्ये दोन पत्ते देता येतात. दुसरा पत्ता मालकाचा स्वतःचा हवा. हे केलेलं नसेल तर दिवसातून तीनदा बघा नाहीतर तीसदा.

दुसरं, 'मी उघडला नव्हता' ही सबब चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम १३. दोघांत वेगळं ठरलेलं नसेल आणि तुम्ही पत्रव्यवहारासाठी एक मेल पत्ता नेमून दिला असेल, तर मेल त्या यंत्रणेत शिरला त्या क्षणी तुम्हाला मिळाला. नेमलेला सोडून दुसऱ्याच पत्त्यावर धाडला असेल तर मात्र तुम्ही तो काढून घ्याल तेव्हा मिळाला. म्हणून करारात पत्ता लिहिताना रोज उघडला जाणाराच लिहावा.

रांगेतला_निरोप :
दोघेही मेल पाठवताक्षणी पोचतो असं धरून भांडताय. मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांना यावर हसू येईल.

मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जातो आणि पलीकडचा 'आत्ता नको, नंतर ये' म्हणू शकतो. त्याच्या उत्तरात चारशेच्या घरातला कोड म्हणजे तात्पुरता नकार, पाचशेच्या घरातला म्हणजे कायमचा. तात्पुरत्या नकारावर पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतो. एसएमटीपीचं, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीचं, मानक (आरएफसी ५३२१) सांगतं की दोन प्रयत्नांत निदान ३० मिनिटं असावीत आणि हार मानायला निदान ४-५ दिवस लागावेत. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची मूळ मांडणी ५ दिवसांची आहे, आणि 'तुमचा मेल अजून रांगेत आहे' ही सूचना त्यात मुळात बंद असते. म्हणजे सोमवारी पाठवलेला मेल गेलाच नाही हे शनिवारी कळू शकतं. मायक्रोसॉफ्टची मेल सेवा एक्सचेंज ऑनलाइन एका दिवसात हात वर करते, ते बरं.

त्यात ग्रेलिस्टिंग. अनोळखी सर्व्हरचा पहिला मेल मुद्दाम परत लावतात, कारण स्पॅम पाठवणारे सहसा दुसऱ्यांदा येत नाहीत. पोस्टग्रे या ग्रेलिस्टिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ही थांबायची वेळ ३०० सेकंद असते, पण पाठवणाऱ्याने पुढचा प्रयत्न अर्ध्या तासाने केला तर तुमचा मेल अर्धा तास उशिरा. मोठ्या कंपन्या दर वेळी वेगळ्या आयपीवरून (सर्व्हरच्या पत्त्यावरून) प्रयत्न करतात, मग आणखी वेळ. नव्या माणसाला पाठवलेला पहिला मेलच रखडतो तो यामुळे. दुसऱ्या मेलपासून गाडी रुळावर येते.

आयफोनवाल्यांसाठी वेगळं. ॲपलच्या मेल ॲपमध्ये जीमेलचं खातं जोडलं तर मेल ढकलला जात नाही, ॲप ठरावीक वेळाने जाऊन आणतं: १५ मिनिटं, ३० मिनिटं किंवा तास. 'ऑटोमॅटिकली' ठेवलं तर मागच्या मागे आणणं फोन चार्जिंगला आणि वाय-फायवर असतानाच होतं. दिवसभर फोन खिशात असेल तर तुम्ही नकळत टिपणवहींचा प्रस्ताव पाळताय.

साडेनऊ_तास :
+१, रांगेची माहिती उपयोगी. पण मूळ प्रस्ताव पुणे-हिंजवडीच्या आयटीच्या कामाला, म्हणजे अमेरिकेतल्या क्लायंटला, लावून बघा.

न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. तिथले सकाळचे ९ म्हणजे इथले संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. तुमची शेवटची फेरी साडेचारला. क्लायंटने सकाळी पहिला मेल टाकला तर तो तुम्ही बघणार दुसऱ्या दिवशी १० ला, तेव्हा तिथे मध्यरात्र. तुमचं उत्तर तो बघणार त्याच्या सकाळी. एका शंकेला एक दिवस. 'कुठल्या सर्व्हरवर?', 'कुठली आवृत्ती?', 'लॉग पाठवा' अशा तीन फेऱ्या झाल्या की आठवडा संपत आला. कॅलिफोर्निया असेल तर अजून तीन तास घाला.

म्हणून चौथी फेरी रात्री साडेआठला हवीच.

घरचा_रस्ता :
नको! हीच चौथी फेरी मग नऊ, दहा, अकरा होते.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काबद्दल वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून वेळेबाहेरच्या संपर्काला उत्तर न देण्याचा हक्क आहे, तो वापरणं अवाजवी ठरत नसेल तर. फोक्सवागनने २०११ साली काही कर्मचाऱ्यांच्या ब्लॅकबेरी फोनवर पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने मेल जाणंच बंद केलं होतं. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असंच खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेलं) मांडलं.

साडेनऊ_तास :
मांडलं, बरोबर. संसदेने शेवटचं खासगी विधेयक मंजूर केलं १९७० साली. तोवर क्लायंट थांबेल का?

घरचा_रस्ता :
क्लायंटने थांबावं असं म्हणतच नाही. त्याची अपेक्षा आहे की तुम्ही गृहीत धरलीय, ते आधी विचारा. ग्युर्जे आणि बोन्स या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की कामाच्या वेळेबाहेर आलेल्या, घाई नसलेल्या मेलला किती लवकर उत्तर हवं याचा अंदाज घेणारा माणूस पाठवणाऱ्याच्या खऱ्या अपेक्षेपेक्षा जास्तच धरतो. पाठवणाऱ्याने 'घाई नाही, उद्या चालेल' एवढं लिहिलं की तो फरक कमी होतो. नऊ अक्षरं टंकायची आहेत फक्त.

आणि रात्री सुचलं म्हणून रात्रीच पाठवायला हवं असं कुठे आहे? जीमेलमध्ये शेड्यूल सेंड आहे. एक खोच: वेळ तुमच्या टाइमझोनची धरली जाते. शिकागोच्या माणसाला सकाळी ९ ला मिळावा म्हणून '९:००' लावलंत तर तो त्याच्या रात्री जाईल.

तुमच्या तीन फेऱ्यांचंही औषध मेलच्या मजकुरात आहे. पहिल्याच मेलमध्ये सर्व्हरचं नाव, आवृत्ती, चुकीचा संदेश जसाच्या तसा, लॉगच्या ५० ओळी, आणि 'हो असेल तर मी अमुक करतो, नाही असेल तर तमुक' असं लिहिलं तर दोन फेऱ्या वाचतात.

साडेनऊ_तास :
लॉगचं मान्य. पण तो मेल क्लायंट लिहितो, मी नाही. त्याला तो साचा कोण भरायला लावणार?

आवक_जावक :
सरकारी कचेरीबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून.

राज्य शासनाचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आहे. शुक्रवारी दुपारनंतर पाठवलेला मेल सोमवारीच उघडेल असं धरा, आणि सोमवारी तो ढिगाच्या तळाशी असेल. मंगळवारी सकाळी पाठवा. पत्ता पदनामाचा शोधा, व्यक्तीचा नको. बदली झाली की व्यक्तीच्या नावाचा मेल तिच्यासोबत जातो. विषयात आधीच्या पत्राचा जावक क्रमांक आणि दिनांक घाला. लिपिक तो शोधूनच धारिका काढतो. ज्या पत्रावर मुदत अवलंबून आहे त्याची छापील प्रत आवक कक्षात देऊन पोच-शिक्का घ्या. मेल बरोबरीने पाठवा, पण नुसत्या मेलवर विसंबू नका.

वाट किती पाहायची हे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलंच आहे. माहिती अधिकारात ३० दिवस. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करायचं. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. या मुदती संपायच्या आत रोज 'कृपया लक्ष द्यावे' पाठवून काही हलत नाही. उलट दर वेळी नवा मेल टाकलात तर चार तुकडे होतात. जुन्याच मेलवर 'रिप्लाय' करा, म्हणजे पहिली तारीख खाली दिसत राहते.

चहा_टपरी :
एवढी चर्चा करण्यापेक्षा व्हॉट्सॲप करा की राव. निळ्या खुणा दिसतात.

रांगेतला_निरोप :
मेलमध्ये निळी खूण शोधू नका. मेल उघडला का हे कळावं म्हणून त्यात अदृश्य चित्र घालतात. ॲपलच्या मेल ॲपमध्ये आयओएस १५ पासून (२०२१) गोपनीयतेचा पर्याय चालू केला की ती चित्रं माणसाने मेल उघडण्याआधीच आणली जातात. जीमेल २०१३ पासून चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत दाखवतं. तेव्हा 'उघडला पण उत्तर दिलं नाही' असा राग धरायला पुरावा कच्चा आहे.

ताळेबंद :
याहूने २०१५ मध्ये अब्जावधी मेल तपासले. निम्मी उत्तरं तासाभराच्या आत आली होती, सगळ्यात जास्त वेळा दिसलेला वेळ २ मिनिटं. लोक तीन दिवस थांबतच नाहीत हो.

टिपणवही :
त्यात ज्यांना उत्तर आलं तेच मेल मोजले, तेही एकमेकांशी आधीपासून पत्रव्यवहार असणाऱ्यांचे. ज्यांना कधीच उत्तर आलं नाही ते त्या तासाभरात बसत नाहीत. आणि २ मिनिटांत येतं ते बहुतेक 'ओके' असतं.

आवक_जावक यांचं एकाच साखळीत उत्तर देणं मान्य. त्यात भर: मुदत विषयातच लिहा. 'दरपत्रक – शुक्रवार दुपारी ४ पर्यंत होकार/नकार हवा' असा विषय असेल तर तो तीनदा बघणाऱ्यालाही कळतो आणि तीसदा बघणाऱ्यालाही. ज्यांचं उत्तर हवं ते 'टू'मध्ये, बाकीचे सीसीत. 'टू'मध्ये सहा जण घातले की प्रत्येकाला वाटतं दुसरा देईल.

आवक_जावक :
हे बरोबरीच्यांत ठीक. वरिष्ठांना 'शुक्रवार ४ पर्यंत हवा' लिहून बघा, काय होतं ते. त्यांना मुदत तुम्ही लावलीत असं दिसता कामा नये, ती कुठून आली ते दिसावं: 'निविदा शुक्रवारी ५ वाजता बंद होत आहे. तत्पूर्वी आपली मान्यता मिळाल्यास ४ पर्यंत अपलोड करता येईल.' विषयात फक्त 'निविदा क्र. अमुक, अंतिम दिनांक अमुक'. आणि गुरुवारी सकाळी स्वीय सहायकांना फोन.

साडेनऊ_तास :
शेवटी फोनच ना?