मदत हवी आहे: आयपॉडची हार्ड डिस्क काढून मेमरी कार्ड बसवून देणारं परवडणारं कोणी माहितीये का?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे बाबांचा आयपॉड आहे, पाचव्या पिढीचा व्हिडिओवाला, ३० जीबी, म्हणजे २००५ मध्ये आलेलं मॉडेल. बाबांनी त्यांच्या सगळ्या सीडी एकेक करून त्यात भरल्या होत्या, आता त्यातल्या निम्म्या सीडी घरात नाहीत आणि बाबाही नाहीत. गेल्या महिन्यापासून आतून टकटक आवाज यायला लागलाय, गाणं मधेच अडकतं, दोनदा तर स्क्रीनवर तो रडक्या चेहऱ्याचा आयपॉड आला. बॅटरी पण चार-पाच गाण्यांत संपते.

गाणी वाचवायचं काम आधी केलं. कोणाला लागलं तर सांगतो, कॉम्प्युटरला जोडून हिडन फाइल्स दाखवायचं सेटिंग चालू केलं की गाण्यांचं फोल्डर दिसतं, फाइलची नावं चार अक्षरांची काहीतरी भलतीच असतात पण गाण्याची माहिती फाइलच्या आतच असते त्यामुळे कॉपी केल्यावर सगळं जागेवर येतं. तीन रात्री लागल्या कारण डिस्क मधेच बंद पडायची, पण जवळपास सगळं निघालं.

आता मला त्यातली १.८ इंची फिरती डिस्क काढून आयफ्लॅशसारखं अडॅप्टर (डिस्कच्या जागी मेमरी कार्ड जोडायचा छोटा बोर्ड) आणि एसडी कार्ड टाकायचंय, आणि नवीन बॅटरी. कार्डात फिरणारं काही नसतं त्यामुळे पडलं-आपटलं तरी डिस्कसारखी भीती नाही, बॅटरी कमी खातं, आणि डिस्कची जागा रिकामी झाली की तिथे मोठी बॅटरी बसते. कार्ड १२८ जीबीचं पुरे, कारण या ३० जीबीवाल्यात रॅम ३२ एमबीच आहे, गाणी फार झाली की तो हँग होतो असं वाचलंय.

अडचण दुरुस्तीवाल्यांची आहे. एकाने न उघडताच बोर्ड गेलाय म्हणून सांगितलं. दुसरा करायला तयार आहे पण नवीन कव्हर, सगळ्यात मोठं कार्ड असं पूर्ण पॅकेजच घ्या म्हणतो, तेवढ्यात आधीच अपग्रेड केलेला दुसरा आयपॉड येईल. मला कव्हर बदलायचंच नाहीये, मागच्या स्टीलवरचे ओरखडे बाबांच्या किल्ल्यांचे आहेत.

स्वतः करायचा विचार केला होता पण हेडफोन जॅकची आणि बॅटरीची पट्टी मागच्या कव्हरला जोडलेली असते, उघडताना जरा जास्त ओढलं की फाटते. मागे एका जुन्या फोनचा कनेक्टर माझ्या हातून बोर्डावरून निघाला होता, त्यामुळे यावर प्रयोग नको.

तर विचारायचंय की पार्ट मी आणून दिले आणि फक्त मजुरी घेऊन बसवून देईल असं कोणी आहे का? साधा मोबाइल रिपेअरवाला हे नीट करू शकतो का, की आयपॉडच उघडलेला माणूस लागतो? सोल्डरिंग तर यात नाहीये ना? ज्यांनी करून घेतलंय त्यांनी कोणतं कार्ड टाकलं आणि नंतर रिस्टोअर करताना (म्हणजे कॉम्प्युटरवरून आयपॉडचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकताना) काही एरर आला का तेही सांगा, बॅटरी किती चालते तेही. कुरियरने पाठवायची माझी तयारी आहे, फक्त माणूस खात्रीचा हवा, आणि काढलेली जुनी डिस्क मला परत हवीये, तिच्यावर अजून अकरा गाणी आहेत जी कॉपी झालेली नाहीत.