पितळखोऱ्याला तंबू टाकता येईल का?

लातूरकर: मंडळी, दिवाळीनंतर आम्ही दोघं भाऊ गाडी घेऊन निघायलोत. पितळखोरा, मग वेरूळ. लेण्यांपाशीच तंबू ठोकावा म्हणतो. जमेल का?

कन्नडवाला: तंबूचं डोक्यातून काढा भाऊ. तो गौताळा अभयारण्याचा पट्टा आहे. बिबटे आहेत, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढली तर दंड वेगळाच. कन्नडला मुक्काम करा, उजाडताच निघा. पाणी भरपूर घ्या. आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर-बित्तर नको, विडी तर नकोच. चौथ्या लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, तिथं निवांत बसा. इसवी सनापूर्वीचं काम आहे ते! इथला बुटका, ढेरपोट्या यक्ष मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय: कान्हदास, सोनार. दगडात सोनाराचा हात, म्हणून एवढे बारीक दागिने.

घाटवाट: वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. वार बघून निघा.

लातूरकर: बरं झालं विचारलं. विजेरी लागेल का?

कन्नडवाला: लागेलच. आतल्या खोल्यांत दुपारीही अंधार. वटवाघळांच्या वासाची तयारी ठेवा.