इंजिन-गिअरबॉक्सने आधी काय इशारा दिला होता? अनुभव लिहा

मंडळी, गाडी अचानक बंद पडली असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा तिने आधीच कुरबूर केलेली असते. ते पहिलं लक्षण कोणतं, इंजिन थंड होतं की गरम, रनिंग किती, आणि शेवटी दोष कुठे निघाला, एवढं जरूर लिहा. कंपन्यांना शिव्या नकोत, त्यातून दुसऱ्याच्या हाती काही लागत नाही.

सुरुवात मी करतो. ड्राय ड्युअल क्लचवाली (तेलात न बुडणारे दोन क्लच असलेली) ऑटोमॅटिक, रनिंग ५८ हजार. सकाळी गाडी एकदम मऊ, पण ट्रॅफिकमध्ये रखडल्यावर सिग्नलवरून उचलताना थरथरायची. पुढे खंबाटकी घाटात ट्रकांमागे रांगताना ट्रान्समिशन गरम झाल्याचा इशारा आला. या गिअरबॉक्समध्ये विषम गिअर एका क्लचवर आणि सम दुसऱ्यावर असतात. माझी पहिल्या-तिसऱ्याला धक्के द्यायची, दुसऱ्या-चौथ्याला नाही. हे सांगितल्यावर मेकॅनिकने आधी तीच बाजू तपासली. क्लच सेट बदलावा लागला. चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, सरळ ब्रेक दाबा.

ठाणे, बीएस-६ डिझेल
घर ते ऑफिस जेमतेम ५ किमी. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागायचा, जायचा. काजळी जाळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं, आणि एवढ्या छोट्या फेरीत ते काम अर्धवटच राहतं. त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल मग इंजिन ऑइलमध्ये उतरतं. माझ्या डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल *वाढलं* होतं आणि त्याला डिझेलचा वास होता! ऑइल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका, लगेच बदला. रोजचं जाणं-येणं एवढंच असेल तर पेट्रोल घ्या, हे माझं स्पष्ट मत.

सांगली, जुनी पेट्रोल हॅचबॅक
कूलंट कमी व्हायचं, पण खाली थेंब नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर, गाडी तापल्यावरही थांबेना, आणि गोडसर वास. ऑइलचं झाकण उघडलं तर आत दुधाळ चिकटा. हेड गास्केट (इंजिन ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांमधलं सील) गेलं होतं. तापमानाचा काटा वर जायच्या आधीच गाडी गॅरेजला नेली म्हणून हेड वाकलं नाही, नुसत्या गास्केटवर भागलं.

रत्नागिरी
सांगलीच्या ताई, बरोबर आहे, फक्त एक भर घालतो. आमच्याकडे पावसाळ्यात छोट्या फेऱ्या असल्या की झाकणाखाली नुसत्या दमटपणानेही तसा थर येतो. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आणि कूलंट जागच्या जागी असेल तर लगेच हेड उघडू देऊ नका.

नागपूर
मॅन्युअल गाडी. चौथ्या गिअरमध्ये रेस दिली की आरपीएम चढायचे, वेग नाही. क्लच प्लेट संपली होती.

बदलापूर
पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका, हात जोडून सांगतो. सिलिंडरमधलं पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आम्ही टो करून नेली. प्लग काढून पाणी बाहेर काढलं, एअर फिल्टर आणि ऑइल बदललं, इंजिन वाचलं. शेजाऱ्यांनी सेल्फ मारत ठेवला, त्यांचं इंजिन उघडावं लागलं. साध्या पॉलिसीत हा खर्च सहसा मिळत नाही, 'इंजिन प्रोटेक्ट' वेगळं घ्यावं लागतं.

सीएनजीवाले, व्हॉल्व्हबद्दल तुम्ही लिहा. कितव्या हजार किमीला कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उतरलं?