आईच्या मेतकुटाचं नाव दुसऱ्यानं लावलंय, काय करू?

रामबागची सून: इंदूरात 7 वर्षं घरून मेतकूट नि गोडा मसाला विकतेय, पिवळ्या पाकिटावर आईच्या हातच्या अक्षरातलं नाव, जात्याचं चित्र. परवा राजवाड्याजवळ एका दुकानात तेच नाव, तसंच जातं, फक्त पाकीट केशरी. हातात घेतलं नि रडूच आलं. रजिस्ट्रेशन कधी केलं नाही, आता उशीर झाला का?

वकील दादा: ताई, उशीर नाही झाला. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क धरतात, रजिस्टर नसलं तरी पासिंग ऑफचा, म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्यानं माल खपवल्याचा, दावा करता येतो, म्हणून जुनी बिलं, पाकीट छापल्याच्या पावत्या, व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी सगळं आजच जपून ठेवा. मग ट्रेडमार्क नोंदणीचा टीएम-ए फॉर्म ऑनलाइन भरा, मसाल्यांसाठी मालाचा वर्ग 30, एकट्या व्यक्तीला फी 4500 रुपये. मध्य प्रदेशचं काम मुंबईच्या ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाकडे असतं पण जायची गरज नाही. अर्ज त्यांच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर 4 महिने कुणीही हरकत घेऊ शकतो. मिळालं की 10 वर्षं, पुढे रिन्यू.

रामबागची सून: आणि कृती? ती पण चोरली तर?

वकील दादा: नुसत्या कृतीवर कॉपीराइट नसतो, ती गुपितच ठेवा, भाजणीचं प्रमाण कामवालीलाही सांगू नका. जात्याचं चित्र मात्र कॉपीराइटमध्ये येतं.

सुदामानगर: काकू, गोलातला आर, म्हणजे रजिस्टर्डची खूण, रजिस्ट्रेशन होईपर्यंत छापू नका हं, ते बेकायदा आहे, नुसतं टीएम छापलं तर चालतं.