किलिमांजारो : उत्तर आणि दक्षिण उतारावरच्या झाडीतला फरक एकाच फेरीत कसा बघायचा?

पानगळ : जानेवारीअखेर सहा जणांचा गट जाणार आहे. सगळे वनस्पतीवाले, शिखराची घाई कुणालाच नाही. एजंट मचामे मार्ग सुचवतोय. उंचीनुसार पट्टे बदलतात हे माहीत आहे, पण एकाच उंचीला दोन बाजूंची झाडी वेगळी का? दोन्ही बाजू दिसतील असा मार्ग कोणता? आणि नोंदी कशा ठेवाव्यात?

रानजाई : मचामे नको. चढ-उतार दोन्ही दक्षिणेकडूनच होतात, कारण उतरताना म्वेकाच्या वाटेने आणतात. रोंगाईने चढा, मरांगूने उतरा. रोंगाई उत्तरेकडचा, मरांगू आग्नेयेचा.

फरकाचं मूळ पावसात आहे. हिंदी महासागरावरून येणारे वारे दक्षिण उताराला धडकतात. तिथे साधारण २२०० मीटरवर वर्षाला २५०० मिमीच्या वर पाऊस पडतो. उत्तरेला त्याच उंचीवर तो बराच कमी. महाबळेश्वर आणि वाई आठवा. मात्र आपल्याकडे न दिसणारी एक गोष्ट इथे दिसते : त्या पट्ट्याच्या वर गेलं की पाऊस पुन्हा घटत जातो आणि शिखराजवळ जवळजवळ वाळवंट. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे मरांगूच्या गेटच्याही खालीच. सह्याद्रीत हा वरचा कोरडा भाग येतच नाही.

त्यामुळे दक्षिणेला ओकोटिया उसांबारेन्सिस : दालचिनीच्या कुळातला प्रचंड वृक्ष, पान खालून पांढरट. सोबत वृक्षनेचे, आणि फांद्यांवर हरितांचे (मॉसचे) जाड थर. उत्तरेला जुनिपेरस प्रोसेरा हा सूचिपर्णी वृक्ष आणि रानटी ऑलिव्ह. रोंगाईच्या सुरुवातीला पाइनची लागवड लागते, तिला जंगल समजून नोंदवू नका. नैसर्गिक जंगलाचा पट्टा त्या वाटेवर अरुंद आहे, नीट बघायचा तर पहिल्याच दिवशी वेळ राखून ठेवा.

दगडफूल : मार्ग बरोबर, पण पश्चिमेकडून चढणाऱ्या लेमोशो मार्गाचाही विचार करा. पश्चिमेचं जंगल रोंगाईपेक्षा रुंद, आणि पुढे शिरा पठार मिळतं. शिवाय त्याच वाटेवरच्या बारांको कॅम्पजवळ, ३९०० मीटरच्या आसपास, डेंड्रोसेनेसिओ या सूर्यफुलाच्या कुळातल्या झाडांची जी दाटी आहे ती रोंगाईवर नाही.

या झाडाच्या खोडाभोवती वाळलेल्या पानांचं जाड आवरण असतं. फोटोसाठी ते ओढू नका. रात्री तापमान शून्याखाली जातं, तेव्हा खोडातला पाण्याचा साठा त्या आवरणामुळेच गोठत नाही. शेजारी लोबेलिया डेकेनाय असेल : तिच्या पानांच्या गुच्छात पाणी साठतं आणि रात्री पानं मिटतात. पहाटे सूर्य यायच्या आधी आणि नंतर दुपारी, एकच झाड दोनदा बघा.

रानजाई : बारांकोचा मुद्दा मान्य. पण प्रश्न दोन उतारांचा आहे, आणि लेमोशोही शेवटी म्वेकाने उतरते. डेंड्रोसेनेसिओ मरांगू वाटेवरच्या होरोंबो कॅम्पजवळच्या ओढ्यांकाठीही आहेत.

मरांगूने उतरण्यात एक अडचण आहे. शेवटच्या दिवशी होरोंबो (३७२० मी.) ते गेट (१८७० मी.) हे जवळपास २० किमी एका दमात उतरवतात. म्हणजे सगळ्यात समृद्ध जंगल दमलेल्या पायांनी धावत जातं. एजंटकडून मंदारा (२७२०) इथे एक जादा मुक्काम लेखी घ्या. जवळच मौंडी विवर आहे; विवराच्या कडेवर एरिकाची झुडपं आणि खाली दाट जंगल, दोन्ही एका फेरीत. वाटेच्या ओलसर कडेला लाल-पिवळा तेरडा शोधा, इम्पेशन्स किलिमांजारी. तो जगात फक्त याच पर्वतावर आहे.

शतपर्णी : नोंदींबद्दल. उंचीच्या दर १०० मीटरला एक थांबा. वाटेच्या दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत दिसेल ते लिहा, पण पहिले दोन मीटर वगळा. तिथे पायांनी आणलेलं तण असतं आणि यादी बिघडते. वाट सोडायला आणि काही तोडायला परवानगी नाही, म्हणून प्रत्येक झाडाचे तीन फोटो : पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, खालची बाजू, शेजारी मोजपट्टी. ओकोटिया खालच्या बाजूशिवाय ओळखता येत नाही.

दाट झाडीत जीपीएसची उंची भटकते. दाबावर चालणारा अल्टिमीटर घ्या, पण हवेच्या दाबात १ मिलिबार फरक पडला तरी तो ९ ते १२ मीटर चुकतो. प्रत्येक कॅम्पच्या पाटीवर रोज सकाळी जुळवा. बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगेत ठेवा.

आणखी एक : ३००० च्या आसपास जंगल संपून एरिका सुरू होते, ती सगळी थंडीने ठरलेली सीमा धरू नका. वारंवारच्या आगींनी जंगलाची वरची कड काहीशे मीटर खाली ढकलली आहे. जळकी खोडं दिसली तर तेही त्या थांब्याच्या नोंदीत लिहा, नाहीतर नंतर दोन उतारांची तुलना चुकेल.

पानगळ : ठरलं, रोंगाई-मरांगू आणि मंदाराला जादा रात्र. बांबूचा पट्टा कुठल्या उंचीला शोधायचा?

शतपर्णी : शोधू नका. माउंट केनियावर आणि शेजारच्या मेरू पर्वतावर आहे, किलिमांजारोवर बांबूचा पट्टाच नाही. यादीत तो रकाना रिकामा राहू द्या, पण काढून टाकू नका.