सी-७०२ मध्ये स्पॅनिश फॅमिली येतेय, कोणाला अनुभव?

सी-७०२ दादा: नमस्कार मंडळी. आमचा बडोद्याचा फ्लॅट रिकामा पडलाय माहितीच आहे, मी इथे पुण्यात. ब्रोकरने एक पार्टी आणलीये, स्पेनची फॅमिली, नवरा बायको दोन मुलं, साहेबांचं विमानाच्या कारखान्यात काम आहे म्हणे. भाडं व्यवस्थित देतायत पण आमची सौ घाबरतेय, फॉरेनर म्हणजे पोलिस, कागद, कटकट. मेन ग्रुपवर टाकलं तर पन्नास जण पन्नास सांगतील म्हणून आपल्या मराठी मंडळींमध्ये विचारतोय.

बी-६०१: आधी टोकन घ्या दादा, अनुभव नंतर येतोच

ए-१०१ सेक्रेटरी काका: सोसायटीची एनओसी लागेल, भाडेकराराची कॉपी ऑफिसात द्यावी लागेल. बाकी फॉरेनरचं मला माहीत नाही. बी-३०४ ला विचारा, त्यांच्या समोरच होते ना ते लोक.

बी-३०४ ताई: हो आमच्या समोर ३०३ मध्ये होते की, ते पण स्पेनचेच, सेव्हिलचे. दादा घाबरायचं काहीच नाहीये फक्त एक काम वेळेवर करायचं. ते राहायला आले की २४ तासांच्या आत घरमालकाने ऑनलाइन फॉर्म भरायचा, सगळे फॉर्म सी म्हणतात त्याला. हॉटेलवाले भरतात तोच, घर देणाऱ्याला पण लागू आहे. एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी लोकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी ऑफिसच्या साइटवर आधी स्वतःचं रजिस्ट्रेशन करायचं, घराचा पत्ता पुरावा द्यायचा, मग चौघांचे पासपोर्ट व्हिसा फोटो टाकायचे. पहिलं रजिस्ट्रेशन मंजूर व्हायला वेळ जाऊ शकतो म्हणून ते यायच्या आधीच करून ठेवा, ते टेम्पोतून सामान उतरवतायत आणि तुम्ही पासवर्ड शोधताय असं नको. आणि त्यांची आजी वगैरे स्पेनहून राहायला आली तर तिचा पण भरायचा, हे कोणी सांगत नाही.

सी-७०२ दादा: पुण्यातून भरता येईल ना? की यावं लागेल?

बी-३०४ ताई: मोबाइलवरून पण होतो. आणि हो हे हलक्यात घेऊ नका, १ सप्टेंबर २०२५ पासून नवीन कायदा लागू झालाय, इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, जुने चार कायदे गेले त्यात, १९४६ चा फॉरेनर्स अ‍ॅक्ट पण गेला. पण घरमालकाची जबाबदारी आहे तशीच आहे. त्यांचं स्वतःचं रजिस्ट्रेशन वेगळं, १८० दिवसांपेक्षा मोठा व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत, ते पण ऑनलाइन, ते त्यांची कंपनी बघते. त्यासाठी तुमचा भाडेकरार मागतील तो लगेच द्या, इथेच सगळ्यांचं अडतं. आपल्या पोलिस स्टेशनला भाडूत नोंदणी नेहमीप्रमाणे.

ए-१०१ सेक्रेटरी काका: लाइट, गॅस?

बी-३०४ ताई: काका ते मालकाच्याच नावावर राहू देत, एमजीव्हीसीएलचं लाइटबिल आणि पाइपगॅसचं बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं, भरतात बिचारे. नावबिव बदलायच्या भानगडीत पडूच नका. आधार त्यांना लगेच मिळत नाही, आदल्या वर्षभरात १८२ दिवस भारतात राहिलेले असले तरच. आणि आपल्याकडे तर प्रत्येक ठिकाणी आधार नंबर टाका ओटीपी टाका. ३०३ वाल्या बाईला एका दुकानात पार्सलसाठी आधार मागितलं, ती पासपोर्ट दाखवतेय, तो म्हणतोय आधार तो जोइए. शेवटी मी फोनवर बोलले तेव्हा सुटली.

बी-६०१: मावशी त्यांना दारूचं परमिट मिळतं म्हणे? खरंय का?

ए-१०१ सेक्रेटरी काका: आला मुद्द्यावर

बी-३०४ ताई: खरंय. फॉरेनरसाठी परमिटची सोय आहे गुजरातमध्ये, परवानाधारक हॉटेलच्या दुकानातून घेतात. पण ते त्याचं त्याच्यापुरतं आहे, सोसायटीचं नाही! दुसऱ्याला पाजलं तर त्याची नोकरी आणि व्हिसा दोन्ही जायचे. तू त्याच्याकडे मॅच बघायला जाशील तेव्हा लिंबू सरबत पिऊन ये.

बी-६०१: विचारलं फक्त हो

डी-२०२ वहिनी: ताई बायको काय करते त्यांची? आमच्या क्लासला स्पॅनिश शिकवायला कोणी मिळालं तर हवंच आहे, बाहेर जाणारी खूप मुलं विचारतात, चांगले पैसे देऊ आम्ही

बी-३०४ ताई: वहिनी ते नाही जमणार. नवऱ्याचा एम्प्लॉयमेंट व्हिसा असतो, बायको मुलांचा एंट्री व्हिसा, त्यावर पगार घेऊन काम करता येत नाही. समोरची तर तिकडे शाळेत शिक्षिका होती, इथे घरात बसून होती आणि खरं सांगू का, सगळ्यात अवघड तेच गेलं तिला. नवरा सकाळी गाडीत बसून जातो, मुलं शाळेच्या बसमध्ये, आणि ही दिवसभर चार भिंतीत. उन्हाचा नाही, तिखटाचा नाही, ट्रॅफिकचा नाही, ह्याचाच त्रास. म्हणून तुम्ही क्लासची ऑफर देऊच नका, तिला नाही म्हणताना वाईट वाटतं आणि हो म्हणाली तर अडचणीत येईल. त्यापेक्षा सकाळी गार्डनमध्ये चालायला येतेस का विचारा. आमच्या बायकांबरोबर ती खंडेराव मार्केटला यायला लागली तेव्हा कुठे चेहरा खुलला, भाव करायला माझ्यापेक्षा हुशार निघाली, बोटांनी आकडा दाखवायची आणि मान हलवत चालायला लागायची, भाजीवाला मागून हाका मारतोय.

सी-७०२ दादा: उन्हाचं मला पण वाटलं होतं. मे मध्ये काय करतील ते लोक? एसी दोनच खोल्यांत आहे आमच्या.

बी-३०४ ताई: अहो सगळे हेच विचारत होते त्यांना. सेव्हिलला जुलै ऑगस्टमध्ये पारा ४० च्या वर जातो, त्यांना उन्हाचं काही विशेष नव्हतं. सकाळी नऊलाच सगळे पडदे ओढून घर अंधारं करायचे, दुपारी जेवून सगळे झोपायचे, संध्याकाळी सातला बाहेर. आपली जुन्या गावातली दुकानं दुपारी बंद असतात त्याचं बाकीच्यांना नवल वाटतं, ह्यांना वाटलं वा घरीच आलो. हैराण झाले ते पावसाळ्यात, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यांवर बुरशी, भिंतीला ओल. तुमचा बेडरूमचा पश्चिमेचा कोपरा गळतो ना दादा? तो आधी करून घ्या, एसी राहू द्या.

ए-१०१ सेक्रेटरी काका: आणि मगरींचं विचारतील

बी-३०४ ताई: विचारतातच! ऑगस्ट २०२४ च्या पुराचे व्हिडिओ बघून आलेले असतात, विश्वामित्रीच्या मगरी रस्त्यावर. सांगा सातव्या मजल्यावर आहात, मगरीला लिफ्ट चालवता येत नाही. पण खाली पार्किंगमध्ये पाणी येतं ते मात्र सांगा, गाडी कुठे हलवायची ते पण.

ए-५०३ आजोबा: सर्वांना नमस्कार. स्पॅनिश लोक आता आले, बडोद्याला परदेशी कुटुंबं नवीन नाहीत. लक्ष्मीविलास पॅलेसचं काम मेजर चार्ल्स मँट यांनी सुरू केलं, ते वारल्यावर रॉबर्ट चिझम यांनी १८९० मध्ये पूर्ण केलं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं, ते तीन वर्षं इथे राहिले. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत लोखंडी रॅक आणि काचेची जमीन आहे ती सयाजीरावांच्याच काळातली, काच अशासाठी की वरचा उजेड खालच्या मजल्यावर पोचावा. पुढे आपल्या म्युझियमला डॉ. हर्मन गोट्झ हे जर्मन होते. आणि आपण तरी कोण? गायकवाडांच्या मागोमाग आलेलेच ना. बोर्डनसाहेबांना पण दूधवाला कोणीतरी सांगितलाच असेल.

बी-६०१: आजोबा काचेची जमीन? ३० वर्षं बडोद्यात आहे मला माहीतच नाही

ए-५०३ आजोबा: चल एकदा, दाखवतो.

डी-२०२ वहिनी: हे सगळे स्पॅनिश त्या टाटा एअरबसवालेच का हो? मोदी आले होते तेव्हाचे?

सी-७०२ दादा: हो वहिनी, सी-२९५ विमानाचा कारखाना. २८ ऑक्टोबर २०२४ ला मोदी आणि स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ दोघांनी उद्घाटन केलं तोच. एकूण ५६ विमानं आहेत ऑर्डरमध्ये, १६ सेव्हिलहून तयार आली आणि ४० आपल्याकडे बनणार, म्हणजे बरीच वर्षं चालेल काम. ब्रोकर त्यामुळेच खुशीत आहे.

ए-१०१ सेक्रेटरी काका: ते सगळं ठीक. खाण्याचं काय? सी विंगमध्ये सातव्या मजल्यावर दोन घरं जैन आहेत. नंतर माझ्याकडे तक्रार नको.

बी-३०४ ताई: काका बरोबर बोललात, हे करार करायच्या आधी बोला. आपली लोकं इथेच घोळ घालतात, भाडं ठरेपर्यंत कोणी तोंड उघडत नाही, मग आठ दिवसांनी लिफ्टमध्ये नाक मुरडतात. आपल्या सोसायटीच्या नियमात अंड्याबद्दल काही लिहिलेलं नाहीये, मी वाचलंय. पण शेजारी कोण आहेत, कचऱ्यात टरफलं बांधून टाकायची, स्वयंपाकघराची पॅसेजकडची खिडकी बंद ठेवायची, हे सरळ सांगितलं की ते लोक शंभर टक्के पाळतात. न सांगता तोंड पाडून बसलं की त्यांना कळतच नाही काय झालं ते.
त्यांचं रोजचं जेवण काही भयंकर नसतं हो. ती बटाट्याचं करायची ते बघितलंय मी उभं राहून, बटाटे कांदे पातळ काप करून भरपूर ऑलिव्ह ऑइलमध्ये मंद मंद शिजवायचे, तळायचे नाहीत, मऊ झाले की तेल निथळून अंड्यात घालायचे, परत पॅनमध्ये, आणि मग पॅनवर सपाट ताट उपडं ठेवून एका झटक्यात उलटं करायचं. मी थालीपीठ उलथताना शंभर वेळा मोडते आणि ही एवढा जाड गोळा अख्खा उलटवते! आमच्या ह्यांनी चार तुकडे खाल्ले, मी शेजारच्या मोटीबेनना सांगितलं नाही.

डी-२०२ वहिनी: मोटीबेन गुजराती ग्रुपमध्ये आहेत, इथे नाहीत, निश्चिंत राहा

सी-७०२ दादा: मुलांचं? आमच्या घरात झोपाळा आहे तो ठेवू का काढू?

बी-३०४ ताई: झोपाळा काढलात तर मीच येऊन भांडेन. मुलांची काळजी करू नका, मुलं सगळ्यात आधी रुळतात, महिन्याभरात गुजरातीत भांडायला लागतात. जानेवारीतलं सांगते. त्यांच्याकडे ५ जानेवारीला रात्री मुलं आपले बूट ठेवतात, रात्री तीन राजे उंटांवरून येतात आणि बुटांत भेटी ठेवतात अशी समजूत, ख्रिसमसपेक्षा त्याचीच वाट बघतात मुलं. समोरच्या धाकटीने बघितलेलं की इथे सगळ्यांच्या चपला दाराबाहेर असतात, म्हणून राजांना सापडावेत म्हणून तिने आपले लाल बूट दाराबाहेर ठेवले, शेजारी एका वाटीत उंटांसाठी पाणी. आईबापाने रात्री त्यात चॉकलेटं भरली. सकाळी झाडूवाल्या बहेन आल्या, पॅसेज झाडायचा म्हणून बूट उचलून माझ्या रॅकवर, पाणी माझ्या तुळशीत. सात वाजता दार उघडून पोरीने जो भोकाड पसरला! सगळा मजला बाहेर. बूट सापडले आमच्या ह्यांच्या चपलांखाली, चॉकलेटं आतमध्ये जशीच्या तशी. पुढच्या वर्षी आमच्या मजल्यावरच्या सगळ्या पोरांनी बूट ठेवले होते आणि बहेनना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं.
आणि लगेच नंतर उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत. १४ ला आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण १५ ला, दोन दिवस गच्ची. बापाला सांगा बोटांना मेडिकलची पट्टी गुंडाळ, स्कूटर घेतली असेल तर पुढे तो मांज्यासाठीचा गज बसवून घे, आणि सकाळी सहालाच स्पीकर लागतो तेव्हा घाबरू नको.

बी-६०१: आणि नवरात्रात रात्री बारानंतर पण कोणी घरी जात नाही हे सांगा

बी-३०४ ताई: त्याची त्यांना सवय आहे, ते लोक दहाला तर जेवायला बसतात. उलट सकाळचं सांभाळा. साडेसहापासून दूध, पेपर, कचरा, कामवाली, इस्त्रीवाला, सगळे बेल वाजवतात. दाराला एक पिशवी अडकवा, वॉचमनला सांगा बेल नाही वाजवायची. आणि पहिल्या आठवड्यात अख्खी विंग डबे घेऊन जाऊ नका प्लीज. समोर आठ घरांतून शिरा, खमण, पुरणपोळी, सगळं एकाच दिवशी, ती रडायच्या बेतात होती की आता हे कोणाचं कोणतं. त्यांना खायला नाही, माहिती लागते. प्लंबर कोण, मुलाला ताप आला तर डॉक्टर कोण, पिण्याचं पाणी कुठलं, सोसायटीचं पाणी किती वाजता जातं. एका कागदावर लिहून फ्रिजला लावा, इंग्रजीत, बास.

सी-७०२ दादा: ताई तुम्ही तर पूर्ण गाइडच दिलंत. सौ ला सगळं वाचून दाखवलं, ती म्हणाली घ्या टोकन. साइटवरचं रजिस्ट्रेशन आजच करतो, गळतीवाल्याला पण सांगतो.

ए-१०१ सेक्रेटरी काका: सामान रविवारी आणायचं असेल तर अकरा ते चार, लिफ्टला आतून गोधडी लावायची, वॉचमनकडे आहे.

सी-७०२ दादा: हो काका. ताई तुमचा नंबर त्यांना देऊ का?

बी-३०४ ताई: द्या की. फक्त मेसेज करा म्हणावं, दुपारी दोन ते चार मी फोन उचलत नाही.

बी-६०१: मावशी तेव्हा ते पण करणार नाहीत