सासूबाई रोज विचारतात "हे आले का?" सत्य पाळायचं तर काय सांगू?

त्रिमूर्तीनगरची

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न लांब आहे, पूर्ण वाचूनच उत्तर द्या प्लीज.

मागच्या दिवाळीपासून मी घराजवळच्या गार्डनमधे सकाळच्या योगवर्गाला जाऊन राहिली. आसनं, प्राणायाम, आणि शनिवारी अर्धा तास पातंजल योगसूत्रं. सध्या साधनपाद, म्हणजे सूत्रांचा दुसरा भाग सुरू आहे, यमांवर (अहिंसा, सत्य अशी पाच व्रतं) आलोय. सर म्हणाले नुसतं पाठ करू नका, एकेक यम एकेक महिना घरात जगून पाहा. पहिला महिना अहिंसा घेतली, या महिन्यात सत्य. आणि इथंच अडकली.

सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, तीन वर्षांपासून डिमेन्शिया. सासरे २०१९ ला गेले. ते रेल्वेत, अजनीच्या लोको शेडला (इंजिनं ठेवतात तिथं) होते, संध्याकाळी सहा-साडेसहाला सायकलवर घरी यायचे. आता रोज ऊन उतरलं की आई गॅलरीत जाऊन उभ्या राहतात, "हे आले का वं? आज काहून उशीर झाला?" आधी मी म्हणायची, "येतीलच, ओव्हरटाइम असेल," मग त्या आत येऊन बसायच्या. या महिन्यात मात्र मी ठरवलं होतं की खोटं बोलायचं नाही, म्हणून त्यांचा हात धरून शांतपणे सांगितलं, "आई, बाबा गेले ना आता." त्यांच्यासाठी ती बातमी नवीन होती. दोन तास रडल्या, "मले कोणी सांगितलं काहून नाही" म्हणत राहिल्या, जेवल्या नाही. आणि दुसऱ्या दिवशी सहा वाजता पुन्हा गॅलरीत. पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी माझी हिंमत झाली नाही. मुलाला म्हटलं (सहावीत आहे), तू सांग आजीला, आजोबा शेडमधून निघालेत म्हणून. त्यानं सांगितलं. रात्री झोपताना मला विचारतो, "आई, या महिन्यात तर खोटं बोलायचं नव्हतं ना?" काहीच उत्तर देता आलं नाही.

"हे सगळं पुस्तकात ठीक असते" असं कृपया म्हणू नका, मला खरंच हे जगायचं आहे. सत्य म्हणजे माझ्या घरात नेमकं काय?

जुना_संस्कृतवाला

ताई, तुम्ही सूत्र वाचलंत, आता त्याच सूत्रावरचं व्यासभाष्य, म्हणजे व्यासांचं जुनं विवरण वाचा. २.३० वर (दुसऱ्या पादातलं तिसावं सूत्र) आहे, तुमचाच प्रश्न तिथे आहे असं समजा.

भाष्यकार सत्याची सुरुवात तुमच्यासारखीच करतात, जसं पाहिलं, ऐकलं, अनुमानानं कळलं तसंच मनात आणि वाणीत असणं. पण तिथं थांबत नाहीत. वाणी कशाला आहे, तर आपल्याला कळलेलं दुसऱ्यापर्यंत पोचवायला. म्हणून ती तीन गोष्टींपासून दूर पाहिजे. वंचिता म्हणजे फसवणारी नको, भ्रांता म्हणजे चुकीच्या समजुतीची नको, आणि तिसरा शब्द मला फार मोलाचा वाटतो, प्रतिपत्तिवंध्या, म्हणजे ऐकणाऱ्याच्या ठायी बोधच उपजत नाही अशी नको. टीकाकार तिथं समोरच्याला न कळणाऱ्या भाषेचं उदाहरण देतात. तुमच्या सासूबाईंना "बाबा गेले" हे वाक्य मराठीतच कळतं, पण ते टिकत नाही. दुःख तेवढं होतं, बोध राहत नाही. माझ्या मते हे वांझ बोलणंच झालं. हा अर्थ मी लावतोय, भाष्यात डिमेन्शिया नाही हे उघडच आहे.

पुढे ते स्पष्ट म्हणतात की वाणी भूतांच्या, म्हणजे सगळ्या जिवांच्या उपकारासाठी आहे, उपघातासाठी नाही. बोललेलं नुसतं घातच करत असेल तर ते सत्य नाही, पुण्याचा आभास आहे. म्हणून "परीक्ष्य सर्वभूतहितं सत्यं ब्रूयात्", आधी पारखा, मग सगळ्यांच्या हिताचं सत्य बोला. आणि बाकीचे सगळे यम-नियम अहिंसेच्या मुळावर उभे आहेत हेही त्याच भाष्यात आहे. तुमच्या सरांनी अहिंसा पहिल्या महिन्यात दिली ती उगाच नाही.

महाभारतात कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट आहे. सदा खरंच बोलीन असं त्याचं व्रत. लुटारूंना घाबरून काही लोक रानात लपले, लुटारूंनी कौशिकाला विचारलं आणि यानं व्रत मोडायचं नाही म्हणून जागा दाखवून दिली. लोक मारले गेले, कौशिक नरकात गेला. ही गोष्ट खुद्द कृष्ण अर्जुनाला सांगतो.

रामदासपेठ_६२

वरच्यांचं वाचन मोठं आहे, पण मला थोडं अडवायचं आहे, कारण "हिताचं सत्य" हे दोन शब्द आमच्या घरात फार महाग पडले.

माझ्या वडलांना कॅन्सर झाला तेव्हा आम्ही तिघा भावंडांनी ठरवलं त्यांना सांगायचं नाही, त्यांच्याच भल्यासाठी. चार महिने अल्सर अल्सर करत राहिलो. त्यांना सगळं कळलं होतं. आम्हाला वाईट वाटेल म्हणून तेही बोलले नाहीत, आणि माणूस एकटाच त्या दुखण्यासोबत राहिला. गेल्यावर त्यांच्या डायरीत औषधांची नावं आणि त्यांचे अर्थ लिहिलेले सापडले. तेव्हा समजलं, आम्ही त्यांना वाचवत नव्हतो, त्यांच्यासमोर बसून रडायची आम्हाला भीती होती.

त्याच भाष्याचे जुने टीकाकार वाचस्पती मिश्र यांनी युधिष्ठिराचं उदाहरण दिलंय, अश्वत्थामा हत्ती मेला होता, शब्द अक्षरशः खरे, पण द्रोणाला दुसरंच कळावं म्हणून बोललेले, म्हणून ते वंचनाच. तेव्हा "येतीलच" हे गोड असलं तरी त्याला सत्य म्हणू नका, एवढंच म्हणतो. हतबल होऊन बोललात तर मी काय कोणीच दोष देणार नाही, पण व्रतात बसवू नका. स्वतःला एक विचारा, या खोट्यानं कोणाचं रडणं वाचतंय, त्यांचं की माझं.

आणि मुलाच्या बाबतीत ते २.३४ सूत्र पाहा. कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेलं, करवून घेतलेलं, आणि दुसऱ्यानं केलेल्याला मान डोलावलेलं, तिन्ही आपल्याच खात्यात. खोटं अन् सत्य यांच्यात सापडलेला तो मुलगा मला तुमच्या पूर्ण पोस्टमधे जास्त टोचला. रागावू नका ताई.

महालातला

मी सूत्रं वगैरे शिकलो नाही, माझ्या आईला हाच आजार होता, सहा वर्षं घरीच केलं सगळं म्हणून लिहून राहिलो.

ताई, आई माहिती विचारत नाहीत. संध्याकाळ झाली, कोणीतरी आपलं घरी यायचं राहिलं आहे, जीव घाबरा होऊन राहिला, हे त्या सांगून राहिल्या. तुम्ही माहितीचं उत्तर देता, खरं दिलं काय नाही खोटं दिलं काय, ते तिथं पोचतच नाही. माझी आई तिच्या आईला शोधायची. मी म्हणायचो, आजी कशी होती गं, काय करायची तुझ्यासाठी? की सुरू. लहानपणच्या गोष्टी, विहीर, गाय. यात खोटं काही बोलावं लागत नाही आणि मेली हेही सांगावं लागत नाही. "हे आले का" म्हटलं की "आठवण येऊन राहिली का त्यांची?" विचारून पाहा.

दुसरं, या आजारात दिवस मावळताना बऱ्याच जणांची घालमेल वाढते, डॉक्टरांनाही माहीत असते. आम्ही साडेपाचलाच घरातले सगळे लाइट लावायचो, पडदे ओढायचो, म्हणजे अंधार पडताना दिसायचाच नाही. हाताला काम द्यायचं. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा सोलायला, उन्हाळ्यात गहू निवडायला. ज्या बाईनं पन्नास वर्षं गहू निवडला तिचे हात विसरत नाहीत.

आणि आपल्याकडचं ऊन. पारा ४५ च्या वर गेला की म्हातारी माणसं पाणी मागत नाहीत, विसरतात. पाणी कमी पडलं किंवा लघवीचं इन्फेक्शन झालं की भ्रम एकदम वाढतो, आमच्याकडे दोनदा झालं. अचानक जास्त वाटलं तर आजार वाढला समजून बसू नका, डॉक्टरला दाखवा.

धंतोली_ताई

मी पण सासूचं करते. मुलीनं मला एकदा १.३३ सूत्र वाचून दाखवलं, सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा. मला करुणा म्हणजे रोज नरम वाटत राहणं असं वाटायचं आणि तसं वाटत नाही म्हणून अपराधी वाटायचं, कारण चौथ्यांदा तोच प्रश्न आला की डोक्यात तिडीक जातेच. आता कळतं, सूत्रात भावना म्हणजे मुद्दाम पुन्हापुन्हा मनात आणणं, आपोआप येईल म्हणून वाट पाहायची नाही. तिडीक गेली की मी किचनमधे जाऊन पाण्याचा ग्लास भरते, एक त्यांच्यासाठी, एक माझ्यासाठी. तेवढ्यात आवाज खाली येतो.

त्रिमूर्तीनगरची

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री पोस्ट वाचून मी बराच वेळ बसून होती. रामदासपेठच्या काकांवर राग बिलकुल नाही, उलट आज पहिले मुलाला जवळ घेऊन म्हटलं, परवा मी तुझ्याकडून बोलवून घेतलं, ते माझं चुकलं. तो म्हणे, मग आता आजीने विचारलं तर मी काय सांगू? म्हटलं, आजीला आजोबांची गोष्ट सांगायला लाव.

संध्याकाळी आई गॅलरीत. मी विचारलं, आठवण येऊन राहिली का त्यांची? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सायकलची घंटी कोपऱ्यावरूनच वाजवते हा माणूस, म्हणजे मी चहा ठेवावा." मग पाटोडीच्या रश्श्याचं निघालं, शेडमधल्या कोणासाठी डबा जास्त द्यायला लागायचा ते निघालं. लग्नाला चौदा वर्षं झाली माझ्या, यातलं मला एकही माहीत नव्हतं. मुलगा ऐकत बसला होता.

पण आठ वाजता त्यांनी सरळ माझ्या डोळ्यांत पाहून विचारलं, "आहेत ना हे?" तिथं मला गोष्ट काढता आली नाही. खोटं पण नाही बोलली. नुसता हात धरून बसली, थोडं रडल्या, मीही रडली. मग जेवल्या. हे बरोबर झालं का माहीत नाही, शनिवारी सरांना विचारीन.

महालच्या दादा, गहू किती द्यायचा एका वेळेला?

महालातला

ताई बरोबर केलं. सरळ विचारलं तर सोबत बसणं हेच उत्तर असते, आम्हीही हेच करायचो.

गहू ताटात दोन मुठी, जास्त नाही, ढीग दिसला की घाबरतात. संपला की मागून तोच परत टाकत बसू नका, त्यांना कळते. दुसरं ताट तयार ठेवायचं. आणि कूलरसमोर बसवू नका, सगळा गहू उडतो.